टोकावर, ताईकडे

सोमवार, ३ तारीख

पोचले. पायाखालची जमीन अजून होडीसारखी डोलतेय, अक्षर वाईट येतंय, येऊ दे. होडीवाल्याने वाटेत दोनदा विचारलं, "बाई, ठीक ना?" दोन्ही वेळा मी "अगदी ठीक" म्हणाले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तोंड उघडायची सोय राहिली नव्हती.

समुद्रातून बघितलं तर हे टोक म्हणजे जमिनीने पाण्यात खुपसलेलं कोपर वाटतं. काळं, खरबरीत, एक झाड नाही. गवत आहे, तेही वाऱ्याने एका अंगावर झोपवून ठेवलेलं. धक्क्यापासून वर खडकात खोदलेल्या पायऱ्या. शंभरपर्यंत मोजल्या, मग मोजायचा नाद सोडला.

वर ताई उभी होती. मी वीस पावलांवर आले, हात हलवला. ती माझ्या खांद्याच्या बाजूला कुठेतरी बघत म्हणाली, "कोण?"

"तुझी बहीण! अजून किती आहेत तुला?"

"बटण!" तेव्हा कुठे हसली. हे नाव तिनेच ठेवलंय, मी बुटकी आणि गोल म्हणून. पण तीन वर्षांनी भेटतोय आणि 'कोण?' मला लागलं ते.

तिच्या स्वेटरची बटणं एकेक काज चुकून लावलेली. परकराची शिवण उसवलेली, शर्टाच्या कॉलरवर कसलासा डाग. मी बावीस वर्षं कपडे दुरुस्तीच्या दुकानात काढली आहेत. माणूस सैल सुटला की आधी त्याच्या कपड्यांवर दिसतं. ताई सैल सुटलीय. एकटं राहून होतं असं.

कशासाठी आले ते अजून बोलले नाही. दादाने आईजवळ राहायला पंधरा दिवस रजा घेतलीय आणि ती आयुष्य दान केल्याच्या थाटात घेतलीय. "ताईला घेऊनच ये," म्हणाला. "ती काय, एकटा जीव. वारा मोजण्यापेक्षा आईला बघेल." मी वर वर म्हटलं, बघू तिचं काय म्हणणं आहे. इथे खोटं कशाला लिहू? मला ती हवीच आहे. आमचे हे गेल्यापासून आठ वर्षं आईचं सगळं मी एकटी करतेय. आता तिची पाळी.

मंगळवार, ४

ताईचं काम असं: हवामान केंद्र म्हणजे दोन खोल्यांचं घर, आणि साठ पावलांवर जाळीची लाकडी पेटी, तिच्यात तापमापक. बाजूला पाऊस मोजायचं भांडं. छपरावर वारा मोजायच्या वाट्या गरगरतात. सकाळी सात आणि दुपारी तीनला सगळे आकडे वहीत लिहायचे आणि वायरलेसवरून बंदराला कळवायचे. बंदर टोकाच्या आतल्या अंगाला आहे, तिथून बाहेरचा समुद्र दिसतच नाही. ताई 'साफ' म्हणाली की होड्या टोकाला वळसा घालून मासेमारीला जातात. 'धुकं' म्हणाली की जाळी विणत बसतात. अकरा वर्षं ती हे करतेय.

आज सकाळी मला हाताला धरून उठवलं. "चल, आकडे तू वाच."

"मी कशाला?"

"पाहुणी म्हणून फुकट खाणार होतीस?"

मी वाचले. मग म्हणाली, "आता समोर बघ. काळा खडक दिसतो? त्याच्या मागे बेट?" मी म्हटलं दोन्ही दिसतायत. तिने दोनदा विचारून खात्री केली आणि वहीत लिहिलं. तिचं अक्षर शाळेत असताना बाई वर्गात फिरवून दाखवायच्या. आता जाडजूड काळ्या पेनाने लिहिते आणि ओळी एकमेकींच्या अंगावर चढतात. कंटाळा आलाय तिला या कामाचा, उघड आहे. माझ्या दृष्टीने बरंच आहे.

घरापासून पेटीपर्यंत कमरेच्या उंचीवर दोर बांधलाय. विचारलं तर म्हणाली, "वाऱ्यासाठी." वारा आहे खरा. पण आज नव्हता, तरी ती दोराला हात लावूनच चालत होती.

गुरुवार, ६

बसवत नाही. खिडक्या दिवसभर खडखडतात, वाटतं कुणी आलंय. शिवायला घेतलं, सोडलं. तिच्या सगळ्या कपड्यांची उसवलेली टोकं शिवून झाली. आता काय करू?

दुपारी पार टोकापर्यंत चालत गेले. वाट शेवटी इतकी अरुंद होते की दोन्ही बाजूंना खाली पांढरं पाणी दिसतं. लाट कपारीत शिरते, क्षणभर काही नाही, आणि मग पायाखालचा दगड हलतो. पक्षी वाऱ्यात जागच्या जागी लटकून माझ्याकडे बघत होते, ही कोण आली म्हणून. मला वाटलं होतं भीती वाटेल. नाही वाटली. उलट आणखी पुढे जावंसं वाटत होतं आणि पुढे काहीच नव्हतं. परत आले.

दादाचा फोन. "आईला गोळी कुठली आधी द्यायची? पांढरी की गुलाबी?" मी कागदावर लिहून, तो कपाटाला चिकटवून आले होते. "कपाट कुठलं?" ज्या घरात लहानाचा मोठा झाला त्या घरात याला कपाट सापडत नाही.

शुक्रवार, ७

वारा. ताईने टेबल समजून कडेबाहेर कप ठेवला. फुटला. मी म्हटलं, "लक्ष कुठे असतं तुझं?" ती खाली बसून हाताने चाचपून तुकडे गोळा करत बसली. मी झाडू आणला तर म्हणाली, "राहू दे गं, झालं." दोन तुकडे तिथेच राहिले होते, मी नंतर उचलले.

रविवार, ९

आज विषय काढला. आणि काढायला नको होता, किंवा निदान असा नको होता.

मी म्हटलं, "ताई, घरी चल. आई थकलीय. मीही थकलेय."

ती बटाटे सोलत होती. सोलणं थांबलं नाही. "आईला मी काय उपयोगाची?"

"हात-पाय धड आहेत ना तुझे?"

"हात-पाय धड आहेत," ती म्हणाली.

"मग? आठ वर्षं मी करतेय. तू पत्र लिहायचीस, तेही दीड वर्षापासून बंद केलंस. फोनवर 'कशी आहेस, बरी आहे', संपलं. तुला इथे समुद्र बघत बसायचंय, एवढंच ना?"

यावर ती हसली. हसली! मला इतका राग आला की शाल घेऊन बाहेर पडले आणि पेटीपाशी तासभर उभी राहिले. परत आले तर सगळे बटाटे सोलून, चिरून ठेवले होते. निम्म्यांवर साली तशाच. झोपायला जाताना दारातून म्हणाली, "बटण, मी विचार करतेय." मी कूस बदलली.

उद्यापासून तिच्या कामाला हात लावणार नाही. ज्याचं काम त्याने करावं.

सोमवार, १० (दुपार)

हे लिहायचं आहे. नाही लिहिलं तर मी ते हळूहळू बदलेन, स्वतःला ओळखते मी.

सकाळी ताईने हाक मारली, "बटण, सात वाजतायत." मी जागी होते. उठले नाही. ती एकटी गेली. पाच-दहा मिनिटांनी खिडकीबाहेरून आवाज आला, "बटण, एवढं फक्त सांग. तुझ्या खिडकीतून काळा खडक दिसतो का?"

खिडकी माझ्या डोक्यामागे होती. मान वळवायची होती, बस. मी कालच्या रागात होते, पांघरूण ऊबदार होतं, आणि रोज दिसतोच तो खडक.

"दिसतोय," मी म्हटलं.

"बेट?"

"तेही दिसतंय गं! जा आता."

ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मग वायरलेसवर तिचा आवाज ऐकला: "साफ. बेटापर्यंत साफ."

साडेसातला उठले. खिडकीत पांढरं होतं. खडक नाही, बेट नाही, पेटीसुद्धा नाही. भिंत उभी केल्यासारखं पांढरं. धावत बाहेरच्या खोलीत गेले तर ताई वायरलेसपाशी, आणि पलीकडून कुणीतरी ओरडत होतं. होडीवाला टोकाला वळसा घालून निघाला होता आणि काळ्या खडकावर होडी आपटली होती.

मागून येणाऱ्या होडीने त्याला काढला. आवाजावरून शोधत गेले, तो भांडं बडवत होता म्हणे. जिवंत आहे. खांदा निखळलाय, दोन बरगड्या गेल्यात. होडी गेली.

आता ऊन आहे. समुद्र असा दिसतोय की काही झालंच नाही.

मंगळवार, ११

आज चहाच्या वेळी ताईने विचारलं, "तू बघितलं होतंस?"

मी म्हटलं, "तेव्हा दिसत होतं. धुकं नंतर आलं असेल."

"एवढ्या लवकर?"

"समुद्राचं काय सांगावं."

ती म्हणाली, "हं."

हे वाक्य मी कसं बोलले मला माहीत नाही. तोंडातून आपोआप आलं, सराईतासारखं.

बुधवार, १२

आज दुपारी तिने मला समोर बसवलं. म्हणाली, "मला दिसत नाही, बटण."

मला कळलंच नाही. मी म्हटलं, "काय दिसत नाही?"

"मधलं. दोन वर्षं झाली. कडेकडेने थोडं दिसतं, मधे डाग आहे, तो वाढतोय. डॉक्टर म्हणाला परत येणार नाही. तुझा चेहरा बघायचा तर मला तुझ्या कानाकडे बघावं लागतं. आणि कानाकडे बघितलं तरी चेहरा काही नीट येत नाही."

मी तिच्याकडे बघत राहिले. नऊ दिवस मी या घरात आहे. तिची बटणं मी बघितली, शिवणी बघितल्या.

"मग काम कसं करत होतीस?"

"भिंगाने. पेटीत टॉर्च घेऊन. आणि धुकं मला कळतं. गालाला ओल लागते, खडकावरच्या लाटेचा आवाज जवळ येतो, पक्षी बसून राहतात. दोन वर्षांत एकदाही चुकले नाही. साहेबांना सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी बाडबिस्तरा गुंडाळून घरी. घरी येऊन काय? आईला बघायला तुला एक माणूस हवं होतं, बटण, मी दुसरं ओझं झाले असते."

मग म्हणाली, आणि हे मी जसंच्या तसं लिहितेय: "परवा सकाळी मला गालाला ओल लागली होती. पण तू डोळ्यांनी बघतेस म्हटल्यावर मी गालाचं ऐकलं नाही."

मी त्याही वेळी सांगितलं नाही.

शुक्रवार, १४

बंदरावरचे साहेब आले. उंच, सौम्य माणूस, पायऱ्या चढून लाल झालेला. पाणी प्यायला, वही मागितली. ताईने वहीवर हात ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. डोळे, दोन वर्षं, भिंग. "सोमवारचं 'साफ' मी दिलं. चूक माझी."

"तुमच्या बहीण इथे होत्या ना त्या दिवशी?" साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं.

"ती पाहुणी आहे. तिचा या कामाशी संबंध नाही."

साहेब माझ्याकडे बघत होते. मी ट्रेमध्ये कप ठेवत होते. तीन कप होते, ते मी पुन्हा पुन्हा सारखे करत राहिले.

साहेब म्हणाले, महिनाअखेर दुसरा माणूस येईल, तोवर काय करायचं ते कळवतो. जाताना ताईला म्हणाले, "अकरा वर्षं बाई, तुमच्या शब्दावर माणसं समुद्रात गेली." रागाने म्हणाले की कौतुकाने, मला ठरवता आलं नाही. ताई आत जाऊन पलंगावर बसली, हात मांडीत घेऊन.

मी टोकापर्यंत गेले आणि आले. पुन्हा गेले आणि आले. संध्याकाळपर्यंत चार वेळा.

शनिवार, १५

सकाळी ताईला म्हटलं, खाली जाऊन येते. माल आणणाऱ्या होडीतून बंदरात उतरले आणि विचारत विचारत होडीवाल्याचं घर गाठलं. तो खाटेवर बसला होता, हात गळ्यात बांधलेला. त्याची बायको उंबऱ्याशी भाजी निवडत होती.

मी बसलेच नाही. बसले असते तर इकडचं तिकडचं बोलले असते. म्हटलं, "धुक्याचं ताईला मी चुकीचं सांगितलं. तिने मला विचारलं, मी न बघता 'दिसतंय' म्हटलं."

बोलली त्याची बायको. "न बघता म्हणजे?"

"अंथरुणातूनच."

"उठला नाहीत?"

"नाही."

"मान पण वळवली नाहीत?"

"नाही."

तिने भाजीचं ताट उचललं आणि आत निघून गेली. आत भांडं जोरात ठेवल्याचा आवाज आला.

होडीवाला म्हणाला, "ती बोलेल. चार-आठ दिवसांनी बोलेल." मग थोड्या वेळाने, "केंद्रावरच्या बाईंना सांगितलंत?"

"अजून नाही."

"मग मला आधी का?"

तुझं हाड मोडलं म्हणून, असं काहीतरी पुटपुटले. तो म्हणाला, "त्यांचं जास्त मोडलंय."

तिथून साहेबांच्या कचेरीत गेले. तेच सगळं परत सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, माझी सही घेतली. परत वर आले आणि ताईला सांगितलं. दारातच, चपला न काढता.

ती म्हणाली, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"सोमवारपासूनच. झोपून बोलताना तुझा आवाज वेगळा येतो, बटण. उशीत."

"मग बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते." एवढं बोलून ती रडायला लागली. मोठ्याने. ताईला असं रडताना मी कधी बघितलं नव्हतं, बाबा गेले तेव्हाही नाही. मी जवळ गेले तर तिने मला ढकललं. जोरात ढकललं, मी दारावर आपटले. मग तिनेच हात पुढे करून मला शोधलं.

मंगळवार, १८

साहेबांचा निरोप: नवा माणूस येईपर्यंत ताईने बसून वायरलेस सांभाळायचा आणि आकडे मी वाचायचे, रोज, दोन्ही वेळा, त्यांच्या लेखी परवानगीने. माझ्यावर हा विश्वास का टाकला, विचारलं नाही. ताई म्हणते, "एकदा भाजलेला हात विस्तवाशी सांभाळूनच जातो, हे त्यांना ठाऊक आहे." मी दिवसातून दोनदा नाही, वीस वेळा बाहेर जाऊन बघते. काल ताई ओरडली, "खडक पळून नाही जाणार, जेवायला ये!"

दादाला फोन करून म्हटलं, महिनाअखेरपर्यंत येत नाही.

"आणि ताई?"

मी त्याला डोळ्यांचं सांगितलं. मग बारीक आवाजात, "मी रजा वाढवतो." मग आणखी बारीक आवाजात, "आईला मी सांगू की तू सांगतेस?"

"तू सांग. तू मोठा आहेस."

मोठा म्हटल्याचा त्याला पहिल्यांदाच आनंद झाला नाही.

रविवार, २३

आज जे झालं ते लिहिताना मला अजून हसू येतंय, आणि हसू थांबलं की वेगळंच काहीतरी होतंय.

अकराच्या सुमाराला पायऱ्यांवरून आरडाओरडा ऐकू आला. बघते तर दोन कोळी एक खुर्ची खांद्यावर घेऊन चढतायत, खुर्चीत आई. शालीत गुंडाळलेली, एका हाताने खुर्चीचा हात धरलाय आणि दुसऱ्या हाताने मागच्याला सूचना देतेय. "डावीकडचा! अरे, तुझी बाजू खाली जातेय!" सगळ्यात मागे दादा, दोन पिशव्या घेऊन, धापा टाकत.

"हिने ऐकलंच नाही," वर पोचल्यावर तो एवढंच बोलू शकला. "मी सांगितलं ताईच्या डोळ्यांचं. म्हणाली, होडी बघ."

ताई दारात आली होती. तिला आवाज कळले होते, पण विश्वास बसत नव्हता. आईची खुर्ची दारासमोर ठेवली. आई म्हणाली, "तू येत नाहीस म्हणून मी आले. इतक्या पायऱ्या कुणी सांगितल्या होत्या बांधायला?"

"आई," ताई म्हणाली.

"दीड वर्ष पत्र नाही. मला वाटलं रुसलीस. अगं, आंधळी झालीस तर तसं सांगायचं! मी काय मारणार होते?" मग आवाज खाली आला. "मी दिसते का तुला?"

"नाही गं. नीट नाही."

"बरंच आहे. फार म्हातारी झालेय. जवळ ये."

ताई पुढे आली, चाचपत गुडघ्यावर बसली. आईने तिच्या स्वेटरची बटणं वरपासून एकेक काढली आणि नीट लावली. दादा पिशव्या धरून तसाच उभा. खुर्चीवाले समुद्राकडे बघायला लागले.

ठरलं काहीच नाही. महिना संपल्यावर कोण कुठे राहणार, कोण कुणाला बघणार, कुणालाच माहीत नाही. दादा म्हणाला, "तिघं मिळून काहीतरी करू." हे 'तिघं' त्याच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. टिकेल का, देव जाणे.

तीन वाजता आकडे घ्यायला बाहेर आले. तापमान, वारा, पाऊस नाही, खडक दिसतोय, बेट दिसतंय. ताईला ओरडून सांगितलं, तिने बंदराला कळवलं. काम संपलं. मी आत गेले नाही, पेटीपाशी दगडावर बसले.

घरी आई मला दिवसातून चाळीस वेळा हाक मारते. पाणी, चष्मा, खिडकी, गोळी, 'कुठे गेलीस?' आठ वर्षं मी एका गोष्टीसाठी आसुसलेय: एक दुपार, जिच्यात मला कुणी हाक मारणार नाही. आज ती मिळाली. आतून तिघांचे आवाज येत होते. आई काहीतरी सांगत होती, ताई हसत होती, दादा मधेच "असं नव्हतं ते!" म्हणून भांडत होता. वारा पडला होता. समोर एवढा मोठा समुद्र.

पाऊण तास बसले. कुणीच हाक मारली नाही.

शेवटी मीच उठून आत गेले.